दोनशे युरो आणि बाबांचं नाक

‘‘तिकडचं कातडं कसं असतंय, जरा वास घेऊन ये.’’

युरोपला निघालेल्या मुलीला घरचे काय काय सांगतात? पासपोर्ट सांभाळ, स्वेटर घे, पोचलीस की फोन कर. आमच्या बाबांनी फक्त हे एक वाक्य सांगितलं आणि फोन ठेवला. मी पुण्यात, कोथरूडच्या पीजीमध्ये, उघड्या सूटकेससमोर बसलेली. सूटकेसमध्ये चिवडा, थालीपीठाची भाजणी आणि मैत्रिणींच्या याद्या. हिंजवडीत काम करणाऱ्या मैत्रिणींना कुणी परदेशी जातंय हा वास बरोब्बर लागतो. एकीला बेल्ट, एकीला वॉलेट, एकीला ‘तिथली ती मऊ लेदरची बॅग, तुला माहितीये ना कुठली.’ मला माहीत नव्हतं. मी ‘हो’ म्हटलं.

फ्लॉरेन्सला जायचं कारण अगदी साधं. माझी हॉस्टेलची रूममेट, जिला आम्ही अजूनही रूमीच म्हणतो, तिकडे शिकायला गेलीय. तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकायची सोय होती आणि रोमचं तिकीट स्वस्तात मिळालं होतं. फ्रीलान्सरच्या आयुष्यात हे दोन योग एकत्र येणं म्हणजे जवळजवळ कपिलाषष्ठीच! सगळा खर्च वजा जाता शॉपिंगसाठी माझ्याकडे उरले होते दोनशे युरो. युरो साधारण शंभर रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे हिशेब सोपा. आणि सोपा असल्यामुळेच जास्त दुखणारा.

आता बाबांच्या वाक्याचा संदर्भ सांगायला हवा. कोल्हापुरात ‘चप्पल लाइन’ नावाची एक गल्ली आहे. कोल्हापूरला गेला असाल तर अंबाबाईचं दर्शन, मिसळ आणि चप्पल लाइन, या क्रमानं तुम्ही तिथे गेलाच असाल. तिथे आमचं दुकान आहे. दहा बाय आठ. आजोबा चपला करायचे, बाबा आजही शिवतात आणि विकतातही. आजीनं आयुष्यभर वेण्या घातल्या. केसांच्या नव्हे, चपलांच्या पट्ट्यांवरच्या. दादा बेंगळुरूला कोडिंग करतो. मी मास कॉम करून लोकांच्या ब्रँडविषयी लिहिते. आणि गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मोबाइल कव्हरवाल्यानं बाबांना दुकानाची चांगली किंमत देऊ केली. पाडव्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं. बाबांनी मला विचारलं, ‘‘तुझं काय म्हणणं?’’ मी म्हटलं, ‘‘आल्यावर बोलू.’’ म्हणजे फ्लॉरेन्सची ट्रिप हे माझं एक छान, फोटोजेनिक पळून जाणं होतं.

तर, फ्लॉरेन्स. हे शहर म्हणजे आर्ट, मायकेलअँजेलो, तो घुमट वगैरे सगळं खरंच. पण सँटा मारिया नोव्हेला स्टेशनातून बाहेर पडून पाच-सात मिनिटं चाललात की पहिल्यांदा येतो तो वास. चामड्याचा. सान लोरेंझोच्या आसपासच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना कापडी छपराच्या गाड्या, त्यावर बॅगा, जाकिटं, बेल्ट, पर्सेस असे लटकलेले, जणू तुळशीबागेत कुणी फक्त तपकिरी रंगच शिल्लक ठेवलाय. पूर्वी यातल्या काही गाड्या थेट बॅसिलिकेच्या पायऱ्यांसमोर असायच्या, २०१४ साली त्यांना तिथून हलवलं. देवळासमोरचे फेरीवाले हटवण्याचा वाद आपल्याला काही नवीन नाही!

पहिल्याच गाडीवर आवाज आला, ‘‘दीदी, आइये, प्यूअर लेदर!’’ विकणारा बांगलादेशचा. तिथे कितीतरी गाड्यांवर आपल्या उपखंडातली मुलं उभी असतात आणि चेहरा बघून भाषा बदलतात. मी एक टॅन रंगाची स्लिंग बॅग हातात घेतली. त्यानं लगेच खिशातून लायटर काढला आणि बॅगेला ज्योत लावली. ‘‘देखो, जला नहीं. असली!’’ रूमी इम्प्रेस झाली. मी बॅग नाकाला लावली.

बाबांचं नाक माझ्याकडे आलंय, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्या बॅगेला प्लॅस्टिकच्या पावसाळी सँडलचा वास येत होता. मग हात आपोआप पुढे गेले. काठ बघितला, जिथे कापलंय तिथे. खऱ्या कातड्याचा काठ आतून तंतूतंतू दिसतो, इथे दोन थर चिकटवलेले होते. उलटी बाजू बघितली, ती एखाद्या वहीच्या पुठ्ठ्यासारखी गुळगुळीत. दुमडून बघितलं, तर सुरकुती न पडता नुसती घडी पडली. लहानपणी दुकानात बसून मी होमवर्क करायचे आणि समोर बाबा माल घेऊन आलेल्या माणसाशी हेच करायचे. काठ, उलटी बाजू, घडी, वास. शेवटी कधीकधी थुंकी लावून बोटानं चोळायचे, पाणी किती पितंय बघायला. तेवढं मी नाही केलं. फॉरेनमध्ये होते ना!

‘‘चुरा आहे, भाऊ,’’ मी हिंदीत म्हटलं. चामड्याचा भुगा गोंदात घालून लाटलेला. तो हसला, आजूबाजूला बघून आतल्या बाजूचं एक कपाट उघडलं आणि म्हणाला, पहिले क्यूँ नहीं बोला घर का धंदा है? रूमीनं माझ्याकडे बघितलं. चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तिला मी सांगितलेलं होतं की बाबा ‘फुटवेअर बिझनेस’मध्ये आहेत. तिनं तेव्हापासून शोरूम, एसी, ड्रायव्हर असं काहीतरी डोक्यात धरलं असणार. मी तसं धरू दिलं होतं.

आतल्या कपाटातली बॅग चांगली होती, किंमतही चांगलीच होती. नव्वद युरो. भाव करायची सोय होती, या गाड्यांवर करतातच. पण माझा मूड गेला होता. आम्ही समोरच्या मंडईत शिरलो.

मेर्कातो चेंत्राले म्हणजे सेंट्रल मार्केट. १८७४ साली उघडलेली लोखंड आणि काचेची ही इमारत जोसेप्पे मेंगोनीनं बांधली, ज्यानं मिलानची ती प्रसिद्ध गॅलेरिया बांधली तोच. पुण्याच्या मंडईत किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात वाढलेल्या माणसाला इथे अजिबात परकं वाटत नाही. त्याच काळातलं, तेच उंच छप्पर, तोच मासे-भाजी-मसाल्यांचा मिश्र दरवळ. वरच्या मजल्यावर २०१४ पासून चकाचक फूड कोर्ट आहे. टुरिस्ट तिकडे जातात. खालच्या मजल्यावर अजून खरे खाटीक, चीजवाले आणि सुक्या टोमॅटोचे ढीग आहेत. आणि लांप्रेदोत्तो. गाईच्या चौथ्या पोटाची वजडी, उकळून, पावात घालून, वर हिरवी चटणी. कोल्हापूरकर म्हणून वजडीशी माझं वैर नाही, पण ती बकऱ्याची. मी पेकोरिनो चीज आणि चपट्या पावावर भागवलं. बाजूला एक सुटाबुटातला बँकवाला बोटं चाटत लांप्रेदोत्तो खात होता. कामगारांचं खाणं म्हणून सुरू झालेली गोष्ट ऑफिसवाल्यांच्या लंच अवरपर्यंत पोचली की तिचा भाव बदलतो, पण इथे तरी ती अजून उभ्यानंच खातात.

दुसऱ्या दिवशी पोंते वेक्यो. जुना पूल. अर्नो नदीवरचा, १३३३ च्या पुरात वाहून गेल्यावर १३४५ मध्ये पुन्हा बांधलेला, दोन्ही बाजूंना सोन्याची दुकानं लगडलेला. आमच्या कोल्हापूरची गुजरी कुणी उचलून पंचगंगेच्या पुलावर ठेवली तर कशी दिसेल, तसं. मला इथलं सोनं परवडणार नव्हतंच, त्यामुळे मी गोष्ट ऐकली. या पुलावर आधी खाटीक बसायचे. खालून नदी वाहतेय, कचरा टाकायची आयती सोय. पण १५६५ मध्ये मेदिची घराण्यानं आपल्या येण्याजाण्यासाठी दुकानांच्या डोक्यावरून एक बंदिस्त वाट काढली. आता ग्रँड ड्यूक वरून चाललाय आणि खालून मांसाचा वास येतोय, हे कसं चालणार? १५९३ साली फर्डिनांडोनं खाटकांना हाकललं आणि सोनारांना आणलं. म्हणजे वास येणारा धंदा नको, चकाकणारा हवा. साहेबाच्या नाकामुळे बाजार बदलला, इतकं साधं.

रूमीनं सेल्फी काढला. मी हसले, पण फोटोत माझं तोंड वाकडं आलंय.

तिथून व्हिया दे तोर्नाबुओनी दहा मिनिटांवर. हा तो रस्ता, जिथे दारावर सूटवाला उभा असतो आणि काचेत एकच बॅग ठेवलेली असते, किंमत न लिहिता. फ्लॉरेन्सला आपण म्युझियमचं शहर समजतो, पण गुच्ची इथलं आहे, १९२१ चं. फेरागामोचं मुख्यालय इथलं, तेही १३ व्या शतकातल्या एका किल्ल्यासारख्या वाड्यात. साल्वातोरे फेरागामोनं तो पालात्सो स्पिनी फेरोनी १९३८ मध्ये विकत घेतला. त्याच्या तळघरात म्युझियम आहे आणि शॉपिंगपेक्षा तिकीट स्वस्त, म्हणून आम्ही आत गेलो.

इथे मात्र मी अडकले. रूमी दोनदा बाहेर जाऊन आली तरी मी आतच. भिंतीवर लाकडी फर्मे होते. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी साचा, ज्यावर बूट चढवून शिवतात. मेरिलिन मन्रो, ऑड्री हेपबर्न असल्या बायकांच्या पायांचे फर्मे, नावासकट. आणि त्या माणसाची गोष्ट. नेपल्सच्या बाजूला बोनितो नावाचं गाव, चौदा भावंडांतला अकरावा. त्याला लहानपणापासून चांभारकामाचंच वेड. घरच्यांचा विरोध. कारण काय, तर गावात हा सगळ्यात खालचा धंदा समजायचे, शेतकऱ्याच्या मुलानंही करू नये असा. नऊ वर्षांच्या पोरानं बहिणीच्या कम्युनियनसाठी एका रात्रीत पांढरे बूट करून दिले आणि मग घरचे गप्प बसले. पुढे अमेरिका, हॉलिवूड, १९२७ मध्ये परत येऊन फ्लॉरेन्स. तीसच्या दशकात इथिओपियावरच्या स्वारीमुळे इटलीवर निर्बंध आले, चांगलं स्टील मिळेना, तर यानं बुचाच्या लाकडाची टाच केली. आज आपण ज्याला वेजेस म्हणतो आणि ऑफिसच्या पार्टीला घालतो, ती. चॉकलेटच्या चकचकीत कागदावरून सुचून सेलोफेनचे पट्टेही वापरले.

‘सगळ्यात खालचा धंदा.’ मी ते पुन्हा वाचलं. हॉस्टेलच्या पहिल्या दिवशी ओळख करून द्यायची होती. एकीचे बाबा बँकेत, एकीचे डॉक्टर. माझी पाळी आली तेव्हा मी ‘फुटवेअर बिझनेस’ म्हटलं आणि आडनाव जरा घाईत उच्चारलं. त्यानंतर सवयच झाली. दुकानात लागणारी रापी, आरी, वादी हे सगळे शब्द मी पुण्यात कधी वापरलेच नाहीत. इंटरव्ह्यूमध्ये नाही, डेटवर तर नाहीच.

बाहेर आले तर रस्त्यावर प्राडाचं नाव दिसलं आणि मला हसू फुटलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर त्यांनी ज्या चपला दाखवल्या, त्या बघून अख्ख्या कोल्हापूरनं तोंडात बोटं घातली होती, आठवतंय ना? सेम टू सेम आपल्या चपला, नाव मात्र कुठेच नाही. ओरड झाल्यावर कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या हातानं केलेल्या चपलांची होती, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून चपला करून घेण्याचा करारही केला. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय आहे, तो या दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांना मिळून, हे पुण्यातल्या कितीतरी लोकांना तेव्हाच कळलं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत कॅमेरे आले होते. एका चॅनेलवालीनं बाबांना विचारलं, ‘‘तुम्हाला राग आला का?’’ बाबांनी विचारलं, ‘‘त्यांनी दर काय लावलाय?’’ तिनं अंदाजे लाखात आकडा सांगितला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘मग आमचंच चुकतंय.’’ ते चॅनेलवर दाखवलं नाही.

आणि मी काय केलं त्या आठवड्यात? मी एका वेबसाइटसाठी या वादावर दीड हजार शब्द लिहिले. ‘कारागिरांना न्याय’ वगैरे. त्यात बाबा नव्हते. मी कुठल्या घरातली आहे हेही नव्हतं. लेख चांगला चालला.

मेर्कातो नुओव्होत, म्हणजे ‘नव्या’ बाजारात (नवा म्हणजे १५५१ मध्ये बांधून झालेला, इथे नव्याची व्याख्या अशी आहे!) एक ब्राँझचं रानडुक्कर आहे. त्याच्या नाकावर हात घासायचा आणि तोंडात नाणं ठेवून सोडायचं. नाणं खालच्या जाळीतून पडलं तर नशीब उघडतं. सगळं जग येऊन घासून घासून त्या डुकराचं नाक सोन्यासारखं पिवळं झालंय. मूळ पुतळा पिएत्रो ताक्काचा, म्युझियममध्ये आहे, इथला नक्कल. मला मात्र त्याच मांडवाखालचा जमिनीतला गोल संगमरवरी दगड जास्त आवडला. ज्या व्यापाऱ्याचं दिवाळं वाजायचं त्याला इथे आणून उघड्या पार्श्वभागावर दगडावर आपटायचे, तेही भर बाजारात. एका क्लायंटचं पेमेंट तीन महिने लटकलेलं असताना तो दगड बघून मला जरा जास्तच आपुलकी वाटली. नाणं टाकलं. जाळीच्या बाहेर पडलं. रूमी म्हणाली, परत टाक. मी म्हटलं, एक युरो म्हणजे शंभर रुपये.

फ्लॉरेन्समध्ये फिरताना एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरत होती, रस्त्यांची नावं. आपल्याकडे तांबट आळी, बुरुड आळी असते, तसंच. ड्युओमोपासून निघणारा मुख्य शॉपिंगचा रस्ता व्हिया देई काल्झायुओली, म्हणजे मोजे करणाऱ्यांचा. त्याच रस्त्यावर ऑर्सानमिकेले नावाचं चर्च आहे, ज्याच्या बाहेरच्या कोनाड्यांत शहरातल्या एकेका धंद्याच्या संघानं आपापल्या संताचा पुतळा बसवलाय. बूट शिवणाऱ्यांच्या संघानंही बसवलाय, सेंट फिलिप, नान्नी दी बांकोकडून करवून घेतलेला, चौदाशे दहाच्या आसपासचा. दोनातेल्लोच्या पुतळ्याच्या रांगेत! आता बाहेर प्रती आहेत, पण कोनाडा तोच. आणि सँटा क्रोचेच्या मागे व्हिया देई कोंचातोरी. कोंचातोरी म्हणजे कातडी कमावणारे.

त्याच बाजूला स्कुओला देल कुओयो, चामड्याची शाळा. शोधताना आम्ही जाम गोंधळलो, कारण फ्लॉरेन्समध्ये घरांना वेगळे नंबर आणि दुकानांना वेगळे. दुकानाचे लाल, पुढे ‘आर’. त्यामुळे ५ नंबर आणि ५ आर यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. शेवटी सापडली. सँटा क्रोचे चर्चच्या मठातल्या जुन्या निजायच्या दालनात १९५० मध्ये फ्रान्सिस्कन साधूंनी आणि गोरी आणि कासिनी या चामड्याचं काम करणाऱ्या दोन घराण्यांनी ही शाळा सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या हाताला काहीतरी कसब असावं म्हणून. त्याच चर्चमध्ये मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ पुरलेत, आणि भिंतीपलीकडे पोरं चामडं कापायला शिकत होती.

आत कमानीखाली टेबलं मांडलेली. एक म्हातारे कारागीर पुस्तकाच्या कव्हराला सोन्याचा वर्ख दाबत होते. दुसऱ्या टेबलावर साठीतला एक माणूस पट्टे कापत होता. त्याच्या हातात अर्धचंद्राच्या पात्याचं हत्यार. मी थांबले. लाकडी मूठ, झिजून मधे खोलगट झालेली, अगदी बाबांच्या रापीसारखी. पर्यटक येत होते, फोटो काढत होते आणि त्या माणसाकडे ज्या नजरेनं बघत होते ती नजर मी आमच्या दुकानात कधी बघितली नव्हती. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक बाबांच्या हाताकडे बघत नाही. ‘‘दोन जोड घेतले तर कितीला?’’ एवढंच.

‘‘माझे बाबा हे करतात,’’ मी म्हटलं. इंग्रजीत, मोठ्यानं. माझ्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच बाहेर पडलं आणि तेही ज्याला इंग्रजी जेमतेम येतं अशा माणसाला सांगताना! रूमीनं इटालियनमध्ये सांगितलं. त्यानं हत्यार खाली ठेवलं आणि माझ्या पायांकडे बघितलं. मी स्नीकर्समध्ये. त्या क्षणी मला जी लाज वाटली ती आधीच्या सगळ्या लाजेपेक्षा वेगळी होती. मग मोबाइलमध्ये दुकानाचा फोटो शोधला. एकच होता, मागच्या दसऱ्याचा, हत्यारांची पूजा केलेला. झेंडूच्या फुलांत रापी, आरी, हातोडी. त्यानं फोटो मोठा करून बघितला, चपलेवर बोट ठेवून विचारलं, खिळे कुठायत? मी सांगितलं, खिळे नसतात. कातड्याच्याच बारीक वादीनं शिवतात. म्हशीचं कातडं, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं. रूमीला ‘हिरडा’ सांगता येईना. पण ‘झाडाची साल’ म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. तस्कनीतसुद्धा झाडपाल्यानं कमावतात, चेस्टनट, मिमोसा, केब्राचो वापरून. पिसा आणि फ्लॉरेन्सच्या मधल्या पट्ट्यात अजून त्याचे कारखाने आहेत आणि क्रोमपेक्षा त्याला कितीतरी जास्त दिवस लागतात. त्यानं टेबलाखालून एक तुकडा काढून माझ्या नाकाशी धरला.

आमच्या दुकानाचा वास. शपथ! थोडा गोडसर, थोडा ओल्या लाकडासारखा, पण तोच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं अगदी शहाण्यासारखं दुसरीकडे बघितलं.

मी विचारलं, तुमचा मुलगा शिकतोय का हे? तो हसला. मुलगा वकील. इथे शिकायला येतात ते कोरिया, जपान, अमेरिकेतून.

हे ऐकून मला का कुणास ठाऊक बरंही वाटलं आणि वाईटही.

आमच्या दोनशे युरोंपैकी पासष्ट तिथे गेले. बॅग नाही घेतली. आठवडाभर आधी कुणी सांगितलं असतं की तू फ्लॉरेन्सहून बॅग न घेता कातड्याचा तुकडा घेऊन येशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. चांगला मोठा तुकडा, मधाच्या रंगाचा, एका बाजूला गाईच्या जुन्या ओरखड्याची खूण असलेला. मैत्रिणींचे बेल्ट मी सान लोरेंझोतून घेतले, त्याच बांगलादेशी भावाकडून, आतल्या कपाटातले. त्यानं पाच युरो कमी केले. ‘घर का धंदा’ म्हणून.

जाता जाता एक सूचना: रस्त्यावर चादरीवर मांडलेल्या ब्रँडेड बॅगा घेऊ नका. इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाही दंड होतो, ३०० ते ७,००० युरो. आणि तुमच्याकडे बाबांचं नाक नसेल तर गाडीवाल्याला उलटी बाजू दाखवायला सांगा. जो का-कू करेल त्याच्याकडून घेऊ नका.

शेवटचा दिवस मंगळवार होता आणि मंगळवारी सकाळी कास्चिने पार्कात आठवडी बाजार भरतो. ट्रामनं जाता येतं. हा मला सगळ्यात आवडला, कारण इथे टुरिस्ट जवळजवळ नव्हतेच. नदीकाठी झाडांखाली लांबच लांब रांग: मोज्यांचे ढीग, पडदे, तवे, कुंड्या, जुने कोट, भाजलेली अख्खी कोंबडी. आज्या हातगाडीसारख्या चाकांच्या पिशव्या ओढत घासाघीस करत होत्या. आमच्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात असतात त्या आवाजात. मी दहा युरोला एक कोट घेतला, तो आता पुण्याच्या उकाड्यात कपाटात लोंबतोय.

आणि मग रूमी म्हणाली, तुझ्या कोल्हापूरचं काहीतरी इथे आहे ना? आहे. पार्कच्या पार टोकाला, बाजाराचा आवाज विरतो तिथून पुढे कितीतरी चालत गेल्यावर. जिथे मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते. छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. इंग्लंडहून परतताना नोव्हेंबर १८७० मध्ये फ्लॉरेन्समध्ये वारले. विशीतला मुलगा! दोन नद्यांचा संगम आपल्याला हवा असतो म्हणून इथे, या काठावर, त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये त्यांचं स्मारक झालं. मेघडंबरीसारख्या छत्रीखाली फेटा बांधलेला, रंगवलेला अर्धपुतळा. फ्लॉरेन्सचे लोक त्याला नुसतं ‘इंडियानो’ म्हणतात, जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे चार वाजलेले, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कॅमेरा महाराजांकडे वळवला. बाबांनी आधी डोक्यावरची टोपी सरळ केली, मग नमस्कार केला. ‘‘एवढ्या लांब,’’ ते म्हणाले. ‘‘पायात काय हाय बघ.’’ अर्धपुतळाच आहे बाबा, पाय नाहीत, मी म्हटलं. ते हसले. मग थोडा वेळ दोघंही गप्प. त्यांच्या मागे भिंतीवर टांगलेले जोड दिसत होते. मी म्हटलं, ‘‘बाबा, दुकानाचं मी आल्यावर बोलू म्हटलं होतं ना. मला ते जायला नकोय. पण मी येऊन बसणारही नाही. मग मला म्हणायचा हक्क आहे का?’’ ते म्हणाले, ‘‘वास घेतलास?’’

पाडव्याच्या चार दिवस आधी मी कोल्हापूरला गेले. बाबांनी तुकडा हातात घेतला. काठ, उलटी बाजू, घडी, नाक. शेवटी थुंकी लावून बोटानं चोळलं. ‘‘चांगलं हाय. पण मऊ. आपल्या पावसात न्हाई टिकायचं.’’ किंमत सांगितल्यावर शीळ घातली. त्या रात्री मी माझा लॅपटॉप उघडून हिशेब मांडला: दुकानाचं भाडं नाही, जागा आपली, महिन्याला किती जोड विकले जातात, किती गिऱ्हाईक फोनवरून मागवतं, कारागिराचं नाव आणि फोटो लावून विकलं तर काय होईल. हे सगळं मी पाच वर्षं इतरांच्या ब्रँडसाठी पैसे घेऊन करत आलेय. बाबा आकडे बघत होते, आई भाकऱ्या थापत होती. बाबा म्हणाले, एक वर्ष. मोबाइल कव्हरवाल्याला पुढच्या पाडव्याला ये म्हणून सांगितलं. तो म्हणाला, तेव्हा हा भाव मिळणार नाही. खरं असेल त्याचं.

त्या तुकड्यातून बाबांनी माझ्यासाठी जोड केला. तळ आपला, म्हशीचा. पट्टे तिकडचे, मधाच्या रंगाचे, गाईचा ओरखडा बरोब्बर अंगठ्यावर आलेला. वेणी आजीच्या पद्धतीची. मी घालून दुकानातल्या दुकानात चार पावलं चालले. बाबा कान देऊन ऐकत होते.

‘‘आवाज न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘काढ. पुढच्या शनिवारी न्यायला ये.’’